सत्तर फुटांच्या पाइपातली स्मोकी

छोट्या जातीचा कुत्रा पाळलेल्या घरी गेलं की एक तक्रार हमखास ऐकू येते. 'कळतं हो त्याला सगळं, पण ऐकत नाही!' माझ्या बहिणीकडे यॉर्कशायर टेरियर आहे. 'ये' म्हटलं की तो आपल्याकडे बघतो, जरा विचार करतो आणि सोफ्याखाली जाऊन बसतो.

या हट्टाला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे विणकर कामासाठी यॉर्कशायरच्या कापडगिरण्यांकडे आले, ते आपले छोटे टेरियर घेऊन. काम उंदीर मारण्याचं. बिळात, यंत्राखाली शिरलेल्या कुत्र्याला मालकाचा हुकूम कसा ऐकू जाणार? त्याला स्वतःच ठरवावं लागे. विचारत बसणारा कुत्रा तिथं कुचकामी. या जातीचा मूळपुरुष मानला जाणारा, 1865 साली जन्मलेला 'हडर्सफील्ड बेन' उंदीर मारण्यातही नावाजलेला होता. पुढं ही जात दिवाणखान्यात गेली, केसांना रिबिनी आल्या. स्वभाव तोच राहिला.

या स्वभावाचं काय करायचं, हे बिल विन या अमेरिकन सैनिकाला उमगलं होतं. 1944 साली न्यू गिनीच्या जंगलात, एका खंदकात सापडलेली यॉर्कशायर कुत्री त्यानं दोन ऑस्ट्रेलियन पौंडांना विकत घेतली. उंची सात इंच, वजन पावणेदोन किलो. नाव स्मोकी. लष्कराच्या दप्तरी ती कुत्री नव्हतीच, त्यामुळं तिला शिधा नाही की डॉक्टर नाही. विन आपल्या ताटातलं तिला देई. त्या काळी लष्करी कुत्र्यांच्या शिक्षणात पट्ट्याला हिसका देणं सर्रास चाले. इतक्या चिमुकल्या जिवाला हिसका कसला देणार? फावल्या वेळात विननं तिला खेळ शिकवले. मेल्याचं सोंग घेणं, पिंपावर चालणं, तारेवर चालणं. 'ये' म्हटलं की यायचं, हेही त्यातच आलं.

जानेवारी 1945. फिलिपीन्समधल्या लिंगायेनच्या धावपट्टीवर संदेशाची तार टाकायची होती. जमीन खणायची तर तीन दिवस लागणार आणि चाळीस विमानं शत्रूच्या बाँबसमोर उघडी पडणार. पट्टीखालून आठ इंच व्यासाचा, सत्तर फूट लांबीचा पाइप गेला होता. सांध्यांतून माती गळून तो काही ठिकाणी निम्मा भरलेला.

विननं तारेला बांधलेली दोरी स्मोकीच्या पट्ट्याला अडकवली आणि पलीकडच्या तोंडाशी जाऊन हाक मारली. ती चार पावलं आत गेली आणि माघारी पळाली. रागावून उपयोग नव्हता. सत्तर फुटांवरून कुणाचा राग कुणापर्यंत पोहोचणार? तो हाका मारत राहिला. ती पुन्हा शिरली. मध्येच दोरी अडकली, तशी थांबून तिनं मागं वळून बघितलं. दोरी सुटली. मग धुळीनं काहीच दिसेना. थोड्या वेळानं कुईकुई ऐकू आली आणि अंधारात दोन पिवळसर डोळे चमकले.

बाहेर आल्यावर विन आणि त्याचे सोबती पाच मिनिटं तिला नुसते थोपटत होते.

युद्धानंतर ती विनबरोबर क्लीव्हलँडला गेली, 1957 साली वारली. तिथं 2005 साली तिचं स्मारक उभं राहिलं. सैनिकाच्या शिरस्त्राणात बसलेली स्मोकी. पुतळ्यातही ती त्यात आरामात मावली आहे.