आदेश बांदेकर

आदेश बांदेकर हे मराठी अभिनेते व सूत्रसंचालक आहेत. २००४ साली सुरू झालेल्या झी मराठीवरील ‘होम मिनिस्टर’ या खेळाच्या कार्यक्रमामुळे ते महाराष्ट्रभर ‘भावोजी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. स्पर्धकांना स्टुडिओत न बोलावता ते त्यांच्या घरी जात. खेळाइतक्याच गप्पा रंगत आणि एरवी पाहुण्यांची सरबराई करणारी गृहिणी त्या दिवशी घरातील मुख्य व्यक्ती ठरे. विजेतीस पैठणी मिळे. या वस्त्राचे नाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठणवरून पडले असले, तरी २०२२ च्या ‘महामिनिस्टर’ पर्वातील ११ लाख रुपयांची पैठणी येवल्यात विणली गेली. घरोघरीची ही लोकप्रियता मतांत मात्र उतरली नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत माहीम मतदारसंघात ते शिवसेनेचे उमेदवार म्हणून पराभूत झाले. पुढे ते श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यासाचे अध्यक्ष होते. अभिनेत्री सुचित्रा बांदेकर या त्यांच्या पत्नी होत.