फुगलेल्या कपॅसिटरांची वर्षे

गोव्यातल्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोचवण्यात मनोहर पर्रीकर सरकारच्या ‘सायबरएज’ योजनेचा मोठा वाटा होता.

त्याच सुमारास, 2000 नंतरच्या वर्षांत, जगभरच्या मदरबोर्डांना रोग जडला. सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे कपॅसिटर फुगत, डोकी फाटत, तपकिरी द्रव गळे. संगणक मध्येच बंद पडे आणि बोल लागे बिचाऱ्या रॅमला! खरे तर नवे कपॅसिटर सोल्डर केले की बोर्ड अनेकदा वाचे.

बोर्ड बदलणे मात्र महागात पडे. 2004 मध्ये इंटेलने एलजीए 775 सॉकेट आणले. आधीच्या 478 सॉकेटचा प्रोसेसर त्यात बसेना, म्हणजे नव्या बोर्डाबरोबर प्रोसेसरही नवा घ्यावा लागे.

जुना संगणक उघडलात, तर आधी कपॅसिटरांची डोकी पाहा.