लॅटिनो ग्राहकांसाठी जाहिरात: भाषांतर का पुरत नाही?
अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत सुमारे ६ कोटी २१ लाख लॅटिनो, म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकी कुटुंबांतले लोक नोंदले गेले. त्यांच्यासाठी इंग्रजी जाहिरातीचे नुसते स्पॅनिश भाषांतर पुरत नाही. कॅलिफोर्नियातील दूध प्रक्रिया उद्योजकांची १९९३ ची ‘गॉट मिल्क?’ मोहीम हे याचे प्रसिद्ध उदाहरण. ऐनवेळी दूध संपल्याची फजिती हा तिचा विनोद होता. शब्दशः स्पॅनिशमध्ये मात्र तो प्रश्न आईला अंगावरच्या दुधाविषयी विचारल्यासारखा वाटतो. शिवाय घरातले दूध संपणे अनेक लॅटिनो आयांना हसण्याजोगे नव्हे, कमीपणाचे वाटे. म्हणून जाहिरातकार अनिता सँतियागो यांच्या स्पॅनिश मोहिमेत स्वयंपाकघरातली आजी आणि घरचे पारंपरिक पदार्थ आले. प्रश्नही बदलला: ‘आज त्यांना पुरेसे दूध दिलेत ना?’