सभासदांच्या यादीत नाव कुणाचं?

आज आपण जरा मागं जाऊ.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली. शोध होता कर्जखतांचा. खत हाती लागलं की जाळायचं. राग खरा होता. पण खतं जळाली तरी पुढच्या पेरणीला पैसा कुठून आणायचा? सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो थेट १९०४ साली.

नगर जिल्ह्यातल्या लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील शाळा फारशी शिकले नव्हते. त्यांनी १९२३ साली गावात पतपेढी काढली. प्रवरेच्या पाण्यावर ऊस चांगला यायचा, पण गुळाचा भाव व्यापाऱ्याच्या हातात. मग कारखानाच आपला का नसावा? विठ्ठलराव शेअरच्या पैशासाठी गावोगाव हिंडले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५० साली प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला. सहकाराचा नियम असा, की शेअर कितीही असोत, मत एकच. दोन एकरवाला आणि वीस एकरवाला मताच्या रांगेत सारखे. आम्हाला तर कारखान्याच्या धुराड्यापेक्षा हा नियमच मोठा वाटतो. (पुढं बऱ्याच ठिकाणी बड्या घरांचंच चालायला लागलं, ते तुम्ही बघताच.)

पण बाई कुठं होती? खुरपायला होती. शेअर मात्र ज्याचा सातबारा त्याचा.

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. नवऱ्यानं राजीखुशीनं जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर घरांनी असं केलं, ते लक्ष्मीमुक्तीचं गाव.

२००२ साली कंपनी कायद्यात बदल झाला. दहा शेतकरी मिळून उत्पादक कंपनी काढू शकतात, आणि तिथंही एका माणसाला एकच मत. आपल्यातल्या कितीतरी जणी अशा कंपनीला सोयाबीन, तूर घालतात. पावती नवऱ्याच्या नावाची, म्हणून सभेत हात वर करायचा तोही त्यानंच. कायद्यात मात्र शेतमालाशी निगडित काम करणारी कुठलीही व्यक्ती उत्पादक धरली आहे. सातबारा हवाच, असं त्यात नाही. तुमच्या कंपनीच्या नियमावलीत काय लिहिलंय, ते विचारा. पुढच्या बैठकीला घरातलं भागपत्र घेऊन या, त्यावरचं नाव आपण एकत्र वाचू.