बखरीचं फाटलेलं पान आणि बारामतीचे नाईक

गंगाधरपंत गायतोंडे आझाद मैदानावर सापडतात तेव्हा त्यांच्यापाशी पुरावा म्हणून उरतं ते एक फाटलेलं पान. भाऊसाहेबांच्या बखरीचं. मधले दोन दिवस हे इतिहासाचे प्राध्यापक निराळ्याच हिंदुस्थानात वावरून आलेले असतात. तिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं असतं आणि इंग्रजांच्या हाती मुंबई तेवढी उरलेली असते. आपल्या जगातल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागते. खिशातल्या पानावर ती कानाजवळून निघून जाते. फरक एका वाक्याचा, पण त्यावर सगळी कथा उभी आहे.

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मराठी वाचकांच्या चांगल्या ओळखीची आहे. अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने ती देशभरातल्या मुलांनी वाचली. चर्चा झाली ती समांतर विश्वाची आणि पुंजभौतिकीची. पानाकडे मात्र कुणी फारसं वळलं नाही. नारळीकरांना पुरावा म्हणून नाणं ठेवता आलं असतं, तलवार ठेवता आली असती, छायाचित्रही चाललं असतं. त्यांनी कागद निवडला, आणि कागदांमधूनही बखर निवडली. आज तरुण वाचकांत गाजणाऱ्या एका इंग्रजी कादंबरीप्रकाराची मराठी कुळकथा या निवडीत दडलेली आहे. तिचा एक धागा बारामतीला पोहोचतो आणि दुसरा इंदापूर तालुक्यातल्या एका कारखान्याच्या फाटकाशी.

तो कादंबरीप्रकार म्हणजे कागदपत्रांतून सांगितलेली अंतराळकथा. ॲमी कॉफमन आणि जे क्रिस्टॉफ यांच्या ‘इल्युमिनी’ने २०१५ मध्ये तो घरोघरी नेला. सन २५७५, केरेंझा नावाच्या दूरच्या वसाहतीवर हल्ला, निसटलेली जहाजं, वेड्यासारखं वागू लागलेलं जहाजाचं यंत्रमन आणि नुकतंच प्रेम तुटलेली दोन तरुण मुलं. निवेदक कुठेच नाही. आहेत ते जबाब, चॅट, लष्करी अहवाल, कॅमेऱ्यातल्या दृश्यांची वर्णनं. वाचकाने फाइल उघडायची आणि सत्य स्वतः जुळवायचं.

या प्रकाराची नेहमीची वंशावळ एका दमात सांगता येते: १७४० सालची रिचर्डसनची ‘पामेला’, १८९७ ची ‘ड्रॅक्युला’, पुढे विज्ञानकथा, पुढे संगणक. त्यातलं १७४० हे साल लक्षात ठेवावं. त्या वर्षी लंडनमध्ये पत्रांची कादंबरी छापली जात होती आणि सातारच्या दरबारात बारामतीच्या एका सावकाराचं नाव पेशवेपदासाठी पुढे केलं जात होतं.

आधी बखर. हा शब्द कुठून आला, याचं भांडण अजून मिटलेलं नाही. सर्वांत प्रचलित मत असं की तो ‘खबर’पासून आला, अक्षरांची अदलाबदल झाली आणि खबरची बखर झाली. कानाला ही ओढाताण वाटते, पण बारामती-इंदापूरच्या बाजारात तासभर उभं राहिलं तर शंका उरत नाही. ‘मतलब’चा ‘मतबल’ तिथे रोज होतो, ‘नुकसान’चं ‘नुस्कान’ रोज होतं. शेजारच्या दोन अक्षरांनी जागा बदलणं ही मराठी जिभेची जुनी खोड आहे आणि परक्या शब्दांवर ती विशेष चालते. ‘खबर’ तिच्या तावडीतून सुटली असती तरच नवल.

दुसरं मत अधिक देखणं आहे. फारसी पत्रांत क्षेमकुशल कळवणारा ‘बखैर’ हा शब्द येतो. म्हणजे सारं ठीक. बखरी पुष्कळदा पत्राच्या घाटात लिहिल्या गेल्या, म्हणून पत्राच्या मायन्यातला हा शब्द अख्ख्या लेखनाला चिकटला, असं हे मत. तिसरं मत बोलणं या अर्थाच्या ‘बक’, ‘बख’ अशा धातूकडे बोट दाखवतं. ते सर्वांत दुबळं. बखर बोलते हे खरं, पण पोवाडाही बोलतो, कीर्तनही बोलतं, आणि त्यांना कुणी बखर म्हटलं नाही.

कागदपत्री कादंबरीच्या कुळासाठी ‘बखैर’ जिंकावा असं वाटणं साहजिक आहे, कारण मग बखर ही जन्मानेच पत्र ठरते. पण प्रामाणिकपणे पाहिलं तर ‘खबर’चं पारडं जड आहे. ‘बखैर’मधला ऐकार सहज गळून जावा असा नाही, आणि ‘मतबल’सारखा रोजचा साक्षीदार त्याच्या बाजूने उभा राहत नाही. तरी ‘खबर’ जिंकूनही या कुळाचं काही नुस्कान होत नाही. खबर म्हणजे कुणीतरी कुणालातरी कळवलेली गोष्ट. तिला धाडणारा असतो, घेणारा असतो आणि बहुधा मागणारा असतो. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीत शिवछत्रपतींचं चरित्र लिहिलं ते राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. रघुनाथ यादवाची पानिपतची बखर विश्वासरावांच्या आई गोपिकाबाईंच्या सांगण्यावरून झाली असं मानतात. मुलगा गमावलेल्या आईने लढाईचा वृत्तान्त मागवला आणि तो लिहून आला. ‘इल्युमिनी’चीही हीच चौकट आहे: वसाहतीवर काय घडलं याची कुणी चौकशी लावतं, कागद गोळा होतात आणि वाचकापुढे ठेवले जातात. ही चौकट मराठीला ‘पामेला’च्याही आधीपासून पाठ आहे.

बखरीच्या या दाव्यापुढे दोन तगडे प्रतिस्पर्धी उभे राहतात.

पहिला ज्यूल व्हर्न. मराठीतली पहिली अंतराळकथा त्याचीच, अनुवादित. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळकोकिळ’ मासिकात १९०० पासून ‘चंद्रलोकची सफर’ क्रमशः येऊ लागली. मूळ फ्रेंच पुस्तक १८६५ चं, आणि त्यात कागद आहेत. तोफेतून चंद्रावर गोळा पोहोचेल का, या प्रश्नाला केंब्रिज वेधशाळेचं मुद्देसूद पत्रोत्तर येतं. कथेला खरी कलाटणी मिळते ती पॅरिसहून आलेल्या तारेने: गोल गोळ्याऐवजी निमुळता करा, मी आत बसून जाणार आहे. तेव्हा मराठी अंतराळकथा एका पत्राचं आणि एका तारेचं बोट धरून आली, हे मान्य करावंच लागतं. पण व्हर्नच्या कागदांचं काम विश्वास बसवणं एवढंच आहे. वेधशाळेचं पत्र आकडे देतं आणि बाजूला होतं. त्याच्याविरुद्ध बोलणारं दुसरं पत्र कुठे नाही.

दुसरा प्रतिस्पर्धी जवळचा आणि म्हणून कठीण. नारळीकर केंब्रिजला गेले. व्हर्नचं केंब्रिज अमेरिकेतलं, हे इंग्लंडमधलं. तिथे त्यांचे गुरू होते फ्रेड हॉयल. शास्त्रज्ञाने विज्ञानकथा लिहावी ही प्रेरणा त्यांचीच, हे नारळीकरांनी कधी लपवलं नाही. हॉयलच्या १९५७ सालच्या ‘द ब्लॅक क्लाउड’ची चौकटही कागदांचीच आहे: एका दिवंगत डॉक्टराने मागे ठेवलेलं पत्र, वृत्तान्ताची कागदपत्रं आणि भोकं पाडलेल्या कागदी फितीची गुंडाळी. म्हणजे कागदाचा वारसा गुरूकडून आला, बखर हे त्याचं मराठी कव्हर, असं कुणी म्हटलं तर उत्तर द्यायला हवं.

उत्तर असं की हॉयलच्या कागदांत भांडण नाही, गायतोंड्यांच्या पानात आहे. एकच बखर, एकच प्रसंग, दोन पाठ. कोणता खरा? हा प्रश्न हॉयलचा नाही, तो वि. का. राजवाड्यांचा आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो नेमका पानिपतापर्यंतच्या पत्रांचा. त्याच्या लांबलचक प्रस्तावनेत त्यांनी बखरींच्या विश्वासार्हतेवर हत्यार उपसलं: बखरकार काय सांगतो ते सोडा, त्या दिवशीचं पत्र काय म्हणतं ते पाहा. कागदाला कागद भिडवून खरं-खोटं काढायची ही सवय पुढे मराठी सुशिक्षितांच्या अंगवळणी पडली. नारळीकरांच्या इतिहासाच्या प्राध्यापकाने दुसऱ्या जगातही वाचनालय गाठावं, हे त्या सवयीतूनच आलं. हॉयलने त्यांना फाइल दिली असेल. फाइलमधल्या दोन कागदांना एकमेकांविरुद्ध उभं करणं महाराष्ट्राने शिकवलं.

नारळीकरांची पहिली विज्ञानकथा प्रसिद्ध झाली तीही कागदाच्या एका खेळीमुळे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, आपलीच आद्याक्षरं उलटी फिरवून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हस्तलिखित पत्नी मंगला यांच्या हातचं होतं. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. ज-वि-ना चं ना-वि-ज झालं, अगदी खबरची बखर व्हावी तसं.

आता बारामती. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला थोरले बाजीराव गेले, आणि पेशवेपद वंशपरंपरेनेच जाईल असं तेव्हा ठरलेलं नव्हतं. बाबूजी नाईक बारामतीकर हे बाजीरावांचे मोठे सावकार. नातंही होतं, नाईकांच्या घरात बाजीरावांची बहीण भिऊबाई दिलेली. रघूजी भोसल्यांनी बाबूजींचं नाव पुढे केलं. शाहू महाराजांनी वस्त्रं दिली ती बाजीरावांच्या मुलाला, नानासाहेबांना. दुसऱ्या पारड्यात होते कर्जरोखे, म्हणजे पुन्हा कागदच.

गायतोंड्यांना पानिपतावर जो फाटा दिसला तो हाच, एकवीस वर्षं आधीचा. नानासाहेब पेशवे झाले नसते तर सदाशिवरावभाऊ उत्तरेत गेले असते का? चौदा जानेवारी १७६१ ला विश्वासराव त्या रणांगणावर असते का? बारामतीच्या नाईकवाड्यातून निघणारी समांतर दुनिया पानिपतच्या मैदानातून निघणाऱ्या दुनियेपेक्षा कितीतरी निराळी असेल. तिची बखर कुणाच्या आज्ञेवरून लिहिली गेली असती, एवढा एकच प्रश्न चांगल्या कादंबरीला पुरेसा आहे.

याच नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत बारामतीत राहिले आणि १७९४ मध्ये तिथेच वारले. त्यांची रामायणं एकशे आठ सांगतात. त्यातल्या ‘निरोष्ठ रामायणा’त ओठ मिटावा लागेल असं अक्षर नाही, प, फ, ब, भ, म वर्ज्य. नियम आधी बांधून घ्यायचा आणि त्याच्या आत राहून गोष्ट पुरी करायची. निवेदकाचं एकही वाक्य न वापरता कादंबरी लिहिणाऱ्याची कसरत याच जातीची आहे. कऱ्हेकाठी हा खेळ अडीचशे वर्षांपूर्वी रंगला होता, आणि पंतांकडे कोरडा पंडित म्हणून पाहणाऱ्यांनी तो पुन्हा एकदा मोठ्याने वाचून बघावा.

दुसरा धागा इंदापूर तालुक्यात आहे. कळंबजवळच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी उसाचा मळा आणि साखर कारखाना उभा केला. गावाला नाव पडलं वालचंदनगर. साखरेची यंत्रं घडवता घडवता तिथल्या कारखान्याने इस्रोच्या अग्निबाणांची मोटर केसिंग घडवायला घेतली. पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याची नळी २.८ मीटर व्यासाची असते, मॅरेजिंग स्टीलची, तुकड्या-तुकड्यांनी जोडलेली. मराठी दप्तरांत ‘बाण’ येतो तोही पुष्कळदा धनुष्याचा नसतो. दारू ठासलेली नळी असते, तिला काठी बांधलेली. अग्निबाण हा शब्द पुराणातून थेट वर्तमानपत्रात आला असं सर्रास सांगतात, पण मधल्या काळात मराठी फौजा ‘बाण’ हा शब्द रोज वापरत होत्या हे विसरलं जातं. नळीचा बाण झाला तो त्यांच्या तोंडी.

अशा नळीसोबत कागद चालतात. पोलादाचा हीट नंबर (ते भट्टीच्या कोणत्या ओतीतलं, याचा क्रमांक), चाचणीचं सर्टिफिकेट, प्रत्येक वेल्डचा एक्स-रे, पाण्याच्या दाबाखाली घेतलेल्या हायड्रो चाचणीची नोंद, कुणी तपासलं, कुणी सही केली. काही बिघडलं तर हेच कागद उलटे वाचत चूक शोधायची असते. एखाद्या मुलाने वा मुलीने इथली अंतराळकथा लिहायला घेतली तर पहिली शंभर पानं याच नमुन्यांवर उभी राहतील: एका वेल्डच्या दोन नोंदी, दोन वेगळ्या सह्या, आणि यान निघून गेलेलं.

पीएसएलव्हीचा पहिला टप्पा उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत सुटतो आणि बंगालच्या उपसागरात पडतो. २२ ऑक्टोबर २००८ ला चांद्रयान-१ घेऊन निघालेल्या अग्निबाणाची नळी तिथेच गेली, ५ नोव्हेंबर २०१३ ला मंगळयान नेणाऱ्याचीही. पोलाद समुद्राच्या तळाशी आहे. त्याचा हीट नंबर कागदावर आहे.