शिरढोणच्या वासुदेवाचे बाड

पळस्पे फाट्यावर रस्ता फुटतो. एक घाटाकडे, पुण्याला जातो. दुसरा पेणच्या दिशेने वळतो आणि काही अंतरावर शिरढोण लागते. इंग्रज सरकारविरुद्ध बंड उभारणारे वासुदेव बळवंत फडके १८४५ साली इथेच जन्मले. त्यांचे आजोबा शेजारच्या कर्नाळ्याचे किल्लेदार होते. मे १८७९ मध्ये वासुदेवांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी पळस्पे आणि चिखले या गावांवर छापे घातले. दौलतराव घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत मारले गेले.

या साऱ्या घडामोडींची हकीकत दोन हातांनी लिहिली गेली.

सरकारी कागदांत टोळी आहे, दरोडा आहे, लुटलेला ऐवज आणि तपासाचा तपशील आहे. माणसे का निघाली, हा प्रश्न तिथे सहसा येत नाही. दुसरी हकीकत वासुदेवांनी स्वतः मराठीत लिहिली, श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या आश्रयाला गेले असताना. लष्करी हिशेब खात्यातली नोकरी, आई आजारी असताना न मिळालेली रजा, १८७६–७७ चा दुष्काळ, अन्नावाचून मरणारी माणसे आणि आपण मात्र पोटभर जेवतो ही बोच, सारे त्यात आहे. साथ न देणाऱ्या शिकलेल्यांवरचा राग आहे, लुटीच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या साथीदारांवरची नाराजीही आहे. स्वतःच्या माणसांचे दोष लिहिताना हा लेखक हात आखडत नाही, म्हणून त्याच्या दुष्काळाच्या वर्णनावरही विश्वास बसतो.

जुलै १८७९ मध्ये वासुदेव पकडले गेले. पुण्यात खटला उभा राहिला आणि हेच लेखन पुरावा म्हणून समोर आले. इथे गोष्ट फिरते. ज्याच्या कागदांत वासुदेव दरोडेखोर होते, त्याच सरकारला आता राणीविरुद्ध युद्धाचा आरोप सिद्ध करायचा होता. नुसत्या लुटीच्या नोंदींनी ते होईना. त्यासाठी मनातला हेतू लागतो, आणि हेतू वासुदेवांच्या बाडात होता. त्यांना जन्मठेप देण्यासाठी सरकारला त्यांचीच बाजू खरी मानावी लागली. एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला.

कोर्टासाठी त्या मराठीचे इंग्रजी झाले. १९५७ साली मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यात ते इंग्रजीच छापले गेले. दोन मजकूर शेजारी ठेवून भाषा पारखायची, तर इथे वाचकाची अडचण होते: वासुदेवांचा आवाजही सरकारी भाषांतरकाराच्या शब्दांतून येतो. धनिकांची घरे फोडण्याच्या बेताला शिरढोणच्या या माणसाने आपल्या हाताने काय म्हटले होते, दरोडा, लूट की स्वारी, हे त्या इंग्रजीवरून कळत नाही.