पाळण्यात न दिसलेले पाय

आइस हॉकीच्या आघाडीपटूबद्दल एक मत इतकं रुळलं आहे की ते मत आहे हेच लोक विसरले आहेत. चौदा-पंधराव्या वर्षी मुलगा डोळ्यांत भरतो, सोळाव्या वर्षी ज्युनिअर लीगमध्ये जातो, अठराव्या वर्षी नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या, ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू क्रमाक्रमाने निवडण्याच्या वार्षिक निवडीत) निवडला जातो. मग एखाददुसरं वर्ष दुय्यम लीगमध्ये काढून मोठ्या लीगमध्ये येतो, पंचविशीत शिखर गाठतो आणि तिशीनंतर उतरणीला लागतो. या शिडीवर त्याची जागा कुठे असणार, हे ड्राफ्टमधल्या क्रमांकावरून आधीच कळतं. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, ही आपली म्हण कॅनडात कोणाला ठाऊक नसेल, पण तिथलं हॉकीविश्व चालतं मात्र तिच्यावरच.

खंडन करण्याआधी पूर्वपक्षाला त्याचं श्रेय द्यायला हवं. 1984 साली मारिओ लेम्यू, 2004 साली अलेक्झांडर ओवेच्किन, 2005 साली सिडनी क्रॉस्बी, 2015 साली कॉनर मॅकडेव्हिड. चौघेही आघाडीपटू, चौघेही त्या-त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडले गेलेले, आणि चौघांबद्दलचं भाकीत खरं ठरलेलं. ओवेच्किनने तर 6 एप्रिल 2025 रोजी 895वा गोल करून वेन ग्रेट्झ्कीचा सर्वाधिक गोलांचा विक्रमही मागे टाकला. एकूण यादी पाहिली तरी पहिल्या फेरीत निवडलेली मुलं शेवटच्या फेरीतल्या मुलांपेक्षा कितीतरी अधिक सामने खेळतात, हे कोणीच नाकारणार नाही. (ग्रेट्झ्की स्वतः मात्र एनएचएलच्या ड्राफ्टमधून आलाच नाही. सतराव्या वर्षी त्याने एका प्रतिस्पर्धी लीगमधल्या संघाशी करार केला होता, आणि ती लीग मोडल्यावर तो आपल्या संघासह एनएचएलमध्ये आला.)

तेव्हा मुद्दा ड्राफ्ट निरर्थक आहे का, हा नाही. तो क्रमांक नेमकं काय मोजतो, हा आहे. रूढ मत म्हणतं, तो खेळाडूची कुवत मोजतो. माझं म्हणणं असं की तो मुख्यतः संघाचा धीर मोजतो. या मुलाने चुका केल्या, गोल केले नाहीत, दुखापतीत वर्ष घालवलं, तर त्याला आणखी किती वेळा संधी द्यायची, याची ती आगाऊ केलेली नोंद असते.

एकच वर्ष घेऊ. जून 1998, बफेलो शहरातला ड्राफ्ट. पहिला क्रमांक टँपा बे संघाने घेतलेला व्हिन्सेंट लेकाव्हालिए. संघाच्या तेव्हाच्या मालकांनी त्याला हॉकीचा मायकल जॉर्डन म्हणून टाकलं. सहावा रिको फाटा, सातवा मॅनी मल्होत्रा. चौसष्टावा ब्रॅड रिचर्ड्स. आणि 171वा पावेल दात्स्युक. सगळेच आघाडीपटू. फाटा एनएचएलमध्ये 230 सामने खेळला, 27 गोल केले, आणि पुढची कारकीर्द युरोपात काढली. दात्स्युक 953 सामने खेळला, 918 गुण मिळवले (हॉकीत गोल आणि गोलाला साहाय्य, दोन्हींचा एकेक गुण धरतात), दोनदा लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली कप जिंकला आणि सर्वोत्तम बचाव करणाऱ्या आघाडीपटूचा सन्मान सलग तीन वर्षं मिळवला. 1998च्या आधीच्या दोन ड्राफ्टमध्ये त्याला कोणी विचारलंही नव्हतं. त्याला निवडणाऱ्या डेट्रॉइट संघाचे निरीक्षक हाकन अँडरसन रशियात गेले ते दिमित्री कालिनिन नावाच्या बचावपटूला पाहायला. नजर अडकली ती त्याच सामन्यात खेळणाऱ्या किरकोळ अंगाच्या दात्स्युकवर.

यावर ठरलेलं उत्तर येतं: हा अपवाद आहे. बरं, मग सहा वर्षं पुढे जाऊ. 2004 साली टँपा बेने स्टॅन्ली कप जिंकला, तो प्रामुख्याने तीन आघाडीपटूंच्या जोरावर. पहिल्या क्रमांकाचा लेकाव्हालिए, चौसष्टाव्या क्रमांकाचा रिचर्ड्स, आणि कोणत्याच ड्राफ्टमध्ये कोणीच न निवडलेला मार्टिन सेंट लुई. त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक, 94 गुण सेंट लुईचे होते. लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूला मिळणारी हार्ट ट्रॉफीही त्यालाच मिळाली. बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला रिचर्ड्स. त्याने सात सामन्यांत निर्णायक गोल केले होते आणि तो विक्रम होता. ड्राफ्टच्या क्रमाने लावायचं तर ही यादी नेमकी उलटी वाचावी लागते.

सेंट लुईच्या वाटेवर जरा थांबायला हवं, कारण रूढ मताचे बहुतेक सगळे सांधे तिथे खिळखिळे होतात. जन्म 1975, उंची 5 फूट 8 इंच. व्हर्मोंट विद्यापीठाकडून खेळताना त्याने गुणांचा पाऊस पाडला होता. पण उंची पाहून निरीक्षक पुढच्या नावाकडे वळायचे. पदवीनंतर क्लीव्हलंडच्या दुय्यम लीगमधल्या संघात, तिथून कॅल्गरी संघाकडे. कॅल्गरीने त्याला दोन हंगामांत मिळून 69 सामने दिले, त्यात त्याचे गोल चार. 2000 साली लीगमध्ये दोन नवे संघ येत होते. त्यांना इतर संघांचे असंरक्षित खेळाडू उचलण्याची मुभा होती. सेंट लुई त्या यादीत होता आणि दोघांनीही त्याला उचललं नाही. मग कॅल्गरीनेही मोकळं केलं. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. शिडीच्या हिशेबाने शिखरावर असायला हवा होता.

टँपाने त्याला घेतलं ते फार दूरदृष्टीने नव्हे. तो संघ तेव्हा तळाशी रखडत होता आणि त्याला माणसं हवी होती. पण गरजेतून का होईना, त्याला बर्फावर वेळ मिळाला. आइस हॉकीत सामन्याला बारा आघाडीपटू उतरतात, तिघातिघांच्या चार फळ्यांत. एक फळी मिनिटभरही बर्फावर राहत नाही. दमली की बाकावर. पहिल्या फळीतल्या माणसाच्या वाट्याला सामन्यात साधारण वीस मिनिटं येतात, चौथ्या फळीतल्याच्या वाट्याला आठ-दहा. शिवाय प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू दंडपेटीत असताना पाचास चार असा जो खेळ होतो, त्यात गोलाची संधी सर्वांत मोठी, आणि तिथे चौथी फळी सहसा पाठवलीच जात नाही. कॅल्गरीत दिसलेला सेंट लुई हा चौथ्या फळीच्या मिनिटांमधून दिसलेला होता. 2004च्या अंतिम फेरीत टँपासमोर नेमकी कॅल्गरीच आली. सहाव्या सामन्यात, कॅल्गरीच्याच मैदानावर, दुसऱ्या जादा वेळेत विजयी गोल केला तो सेंट लुईने.

हा न्याय दुसऱ्या बाजूनेही तपासता येतो. विल्यम कार्लसन कोलंबसकडून 2016-17च्या हंगामात सहा गोल करतो. लास वेगासचा नवा संघ त्याला उचलतो, पहिल्या फळीत ठेवतो, आणि पुढच्याच हंगामात तो 43 गोल करतो. त्यानंतरच्या वर्षी 24. त्या 43मध्ये नशिबाचा वाटा होता, हे 24 सांगतात. पण सहा हे त्याचं माप नव्हतं, हेही तेच सांगतात.

उलट ज्यांना क्रमांकाने धीर मिळवून दिला, त्यांच्याकडे पाहा. 1993चा पहिला क्रमांक अलेक्झांडर डेग 616 सामने खेळून 327 गुणांवर थांबला. 2012चा पहिला क्रमांक नेल याकुपोव 350 सामन्यांत 136 गुण करून रशियाला परतला. विसाव्या वर्षापर्यंत कोणीही न निवडलेल्या मुलाने इतपतच कामगिरी केली असती, तर त्याला एवढे सामने मिळाले असते का? बास्केटबॉलमध्ये बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी 1995 साली हेच तपासलं. मैदानावरची कामगिरी सारखी धरली तरी वरच्या क्रमांकावर निवडलेल्यांना अधिक मिनिटं मिळतात आणि त्यांची कारकीर्दही लांबते, असं त्यांना आढळलं. खेळ वेगळा असला तरी संघमालकांचं मन तेच. पहिल्या फेरीतली मुलं अधिक सामने खेळतात, हा जो पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा, तो निदान काही अंशी स्वतःच स्वतःला खरा करतो.

निवडीच्या वेळची नजरही दिसते तितकी स्वच्छ नाही. कॅनडात मुलांचे वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने थोराड असूनही त्याच गटात खेळतो. वरच्या पातळीवरच्या कॅनडियन हॉकीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी का, हे रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी 1985 सालीच दाखवलं होतं. पुढे 2013 साली रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी 1980 ते 2007चे ड्राफ्ट तपासले. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू त्यांच्या नंतरच्या कामगिरीच्या मानाने खालच्या क्रमांकावर निवडले गेले होते. म्हणजे निरीक्षक कुवत पाहतो आहे असं समजत होते, आणि पाहत होते वाढलेलं शरीर.

वयाच्या उतरणीचं म्हणाल तर ब्रँडर, ईगन आणि येउंग यांच्या 2014च्या अभ्यासात आघाडीपटूंचं गुण मिळवण्याचं शिखर सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास आलं, आणि शिखराच्या जवळपासची कामगिरी चोविसापासून बत्तिसापर्यंत टिकताना दिसली. सेंट लुईने लीगमधल्या सर्वाधिक गुणांचा मान दुसऱ्यांदा मिळवला तो 2013 साली, सदतिसाव्या वर्षी. यारोमीर यागरने 2015-16च्या हंगामात 66 गुण केले तेव्हा त्याने चव्वेचाळिशी गाठली होती. हे दोघे अपवाद आहेत, मान्य. तिशीत शटर पडतं हे मात्र आकडे सांगत नाहीत.

आता 1998च्या ड्राफ्टमधला सातवा क्रमांक. मॅनी मल्होत्राचे वडील मूळचे पंजाबी, आई फ्रेंच-कॅनडियन, जन्म 1980चा, ओंटारिओतल्या मिसिसॉगाचा. न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला गोल करणारा म्हणून निवडलं आणि अठराव्या वर्षीच मोठ्या संघात ठेवून घेतलं. त्या वेळच्या नियमानुसार ज्युनिअर लीगमधून निवडलेल्या एवढ्या लहान मुलाला दुय्यम लीगमध्ये पाठवता येत नसे. एक तर एनएचएल, नाहीतर परत ज्युनिअर. शिडी म्हणतात ना, तिची मधली पायरीच नव्हती. पहिल्या हंगामात 73 सामने, 8 गोल. मग वर्षं बाकावर, डॅलसशी अदलाबदल, 2003 साली डॅलसने सोडून दिल्यावर कोलंबसने उचलणं. एकूण कारकिर्दीत 116 गोल. रूढ मताच्या वहीत याच्यासमोर ‘फसलेली निवड’ असा शेरा आहे.

पण तो 991 सामने खेळला. का? कारण तो दुसराच खेळाडू झाला. पंच पक, म्हणजे खेळातली चकती, खाली टाकतात तेव्हा तो आपल्या बाजूला ओढण्याची जी झटापट होते, त्या फेसऑफमध्ये तो लीगमधल्या सर्वोत्तमांत गणला जाऊ लागला. 2010-11 साली व्हँकुव्हरकडून त्याने 60 टक्क्यांहून अधिक फेसऑफ जिंकले. प्रशिक्षक अलँ व्हिन्यो यांनी मांडणीच तशी केली होती: स्वतःच्या गोलासमोरचे धोक्याचे फेसऑफ मल्होत्राने घ्यायचे, आणि प्रतिस्पर्ध्याच्या गोलाजवळ खेळ सुरू होणार असेल तेव्हा संघातल्या सेडिन या जुळ्या भावांना पाठवायचं. त्या हंगामात डॅनिएल सेडिन 104 गुणांसह लीगमध्ये पहिला आला. मल्होत्राच्या खात्यावर गोल 11. त्या 104मध्ये मल्होत्राचा वाटा किती, हे कोणत्याच तक्त्यात लिहिलेलं नाही, पण शून्य खचितच नाही. मार्च 2011मध्ये पक लागून त्याच्या डाव्या डोळ्याला गंभीर इजा झाली, तरी जूनमधल्या अंतिम फेरीत तो उतरला. 2013 साली संघाने त्याच्याच सुरक्षेसाठी त्याला बसवलं, तेव्हा तो दुय्यम लीगमधल्या शार्लटला गेला आणि तिथून पुन्हा एनएचएलमध्ये आला.

इथे माझ्याच प्रतिपादनावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. सातव्या क्रमांकाऐवजी 207वा असता, तर न्यूयॉर्कमधल्या त्या कोरड्या वर्षांनंतर मल्होत्राला कोणी विचारलं असतं का? बहुधा नाही. क्रमांकाने त्याला कुवत दिली नाही. दुसरा खेळाडू होण्याइतका अवधी दिला. म्हणूनच रूढ मताच्या विरोधात जी जिद्दीची गोड गोष्ट सांगतात, तीही मला पटत नाही. घाम गाळला की प्रत्येकजण सेंट लुई होतो, हे धादांत खोटं आहे. तितकाच घाम गाळणारी कितीतरी मुलं दुय्यम लीगच्या बसप्रवासात तिशी गाठतात, कारण त्यांच्या वाटेत तळाशी रखडणारा, माणसांसाठी अडलेला टँपा आला नाही.

तेव्हा कोणा आघाडीपटूची कारकीर्द तोलायची असेल तर क्रमांक आणि गोल बाजूला ठेवून आधी तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या फळीत खेळला, किती मिनिटं मिळाली, आणि बर्फाच्या कोणत्या टोकाला त्याला उतरवलं. 1998च्या यादीतला सातवा क्रमांक वाया गेला असं ज्यांना अजूनही वाटतं, त्यांनी व्हँकुव्हरचे 2010-11चे सामने एकदा स्वतःच्या गोलासमोरच्या फेसऑफकडे लक्ष ठेवून पाहावेत.